अर्जाचा दुसरा भाग

सोमवार, ३० जून २०२५. भांडगावात, पुणे-सोलापूर महामार्गाच्या सेवारस्त्याला लागून असलेल्या महा-ई-सेवा केंद्रात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नाही. मी सातबारा काढायला आलोय. केंद्रचालक स्क्रीनवरची नजर न काढता सांगतो, "सातबारा दुपारनंतर. सकाळ अकरावीवाल्यांची." बाकावरचे दोघं थोडे थोडे सरकतात आणि मधे मी टेकतो. बाहेर भुरभुर पाऊस आहे. दाराशी ओल्या चपलांचा ढीग पडलाय. आत प्रत्येकाच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची फाइल आहे आणि प्रत्येक फाइलमागे एक दहावी पास झालेलं पोर उभं आहे.

गेल्या वर्षीपर्यंत या भागात अकरावीचा प्रवेश सोपा होता. दाखला आणि गुणपत्रिका घेऊन यवतला किंवा केडगावला जायचं, खिडकीवर फॉर्म भरायचा, पावती घेऊन घरी यायचं. ऑनलाइन प्रवेशाची भानगड पुणे-पिंपरीवाल्यांची. यंदा ती सगळ्या राज्याला लागू झाली आणि नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं एकाच संकेतस्थळावर आली. शंभर रुपये भरायचे. भाग एकमध्ये नाव, गाव, गुण, आरक्षण. भाग दोनमध्ये एकापासून दहापर्यंत कॉलेजं, आपल्या पसंतीच्या क्रमानं. मे महिन्यात नोंदणीच्या सुरुवातीलाच संकेतस्थळ बसलं, मग तारखा पुढं सरकल्या. तेवढ्यात तुकोबांची पालखी आली. गेल्या सोमवारी यवतला पिठलं-भाकरी झाली, मंगळवारी पालखी भांडगावावरून वरवंडला गेली आणि परवा शनिवारी एकदाची पहिली यादी लागली. राज्यात सहा लाख बत्तीस हजारांवर मुलांना जागा मिळाल्या, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. आजपासून ७ जुलैपर्यंत त्यांनी प्रवेश घ्यायचाय.

खुर्चीवर आता एक मुलगी बसली आहे. पाठीमागे तिची आई, हातात घडी घातलेली छत्री. मुलीला ८९ टक्के आहेत. पहिल्या तीन पसंत्या पुण्यातल्या बड्या कॉलेजांच्या, फर्ग्युसनपासून सुरुवात. चौथी पसंती हडपसरची आणि तीच लागली आहे. विज्ञान शाखा.

"चौथा नंबर म्हणजे घ्यायलाच पायजे का?" आई विचारते.

"नाही ताई. पहिली पसंती लागली असती तर घ्यावीच लागली असती. दोन ते दहातली लागली तर दोन रस्ते. घ्या, नाहीतर पुढच्या फेरीला थांबा."

बाकाच्या टोकाला बसलेले, खोरहून आलेले एक शेतकरी लगेच सल्ला देतात, "थांबा की मग. पुढच्या फेरीत फर्ग्युसन लागंल."

आई त्यांच्याकडे बघून हसते, पण उत्तर देत नाही. पोरीकडे वळते. "तुझं तू सांग."

"कट-ऑफ बघितला मी. तिथं माझ्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त लागतात. दोन फेऱ्यांत एवढं उतरत नाही." मुलगी शांतपणे सांगते. "हडपसर घेऊ."

चालक माऊसवर हात ठेवून थांबतो. बहुतेक त्याला घरातल्या मोठ्या माणसाचा होकार ऐकायची सवय असावी. आई पिशवीतून वहीचा कागद काढते. त्यावर तिच्याच अक्षरात प्रश्न लिहिलेत. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं? शनिवारी कॉलेज असतं का? मुलींची खोली आहे का? डबा खायला जागा कुठं? शेवटच्या दोन प्रश्नांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. या खुणा कशा झाल्या ते ती मला सांगते. गेल्याच्या गेल्या रविवारी मायलेकी खुटबाव स्टेशनवरून दौंड-पुणे लोकलनं हडपसरला जाऊन आल्या. यादी लागायच्या आधीच. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, भोवताली एक चक्कर मारली, परतीच्या गाडीला किती वेळ उभं राहावं लागतं ते बघितलं.

"लागलं नसतं तर फेरी फुकट गेली असती," मी म्हणतो.

"जाऊ द्या की. दोघींच्या तिकिटाचं काय एवढं? आता ह्या पोरीला येत्या आठवड्यात एकटीनं जायचंय. पहिल्या दिवशी कॉलेजची भीती असतीच, तिच्यात रस्त्याची कशाला घालायची?" मग आवाज थोडा खाली आणून ती म्हणते, "मी नववी शिकलेय. कॉलेजातलं मला काय कळतंय? पण गाडी कळती, पैसे कळत्यात, कागद कळत्यात. तेवढं मी बघते. नंबर तिचे तिनंच लावलेत."

मुलीचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत एका रसायन कंपनीत कंत्राटावर आहेत. आज पहिल्या पाळीला गेलेत. मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, म्हणून अर्जात नंबर आईचा दिलाय. पोरीला केमिस्ट्री का हवी, तेही त्या कंपनीतूनच आलंय. एकदा कंपनीच्या कौटुंबिक कार्यक्रमाला गेल्यावर तिनं क्यूसी लॅब पाहिली, पांढऱ्या कोटातल्या बाया पाहिल्या आणि घरी येऊन बापाला विचारलं, तुम्ही त्या खोलीत का नाही बसत? बापानं सरळ सांगितलं, तिथं बसायला बी.एस्सी. लागतं.

चालक स्क्रीनवर 'प्रोसीड फॉर ॲडमिशन'चं बटण दाबायला मुलीलाच सांगतो. मग फाइल उघडली जाते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या झेरॉक्स वेगळ्या पिनांनी लावलेल्या. जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव बारीक अक्षरात आहे, गुणपत्रिकेवर इंग्रजीत. चालक दोन्ही स्पेलिंगं आधारशी ताडून बघतो. जुळतात. तो मान हलवतो आणि न विचारता एक गोष्ट सांगतो, "ताई, जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. लोक सीईटीचा निकाल लागल्यावर जागे होतात आणि मग समितीच्या दारात उभे राहतात. मुलगी पुढं फार्मसी, इंजिनिअरिंगकडं वळली, तर मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. गेल्या जुलैत जीआर निघालाय. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. पण कागद नसला तर माफी कागदावरच राहते."

आई हेही लिहून घेते. एसटीचा पासही तिच्या यादीत आहे. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो फुकट मिळतो. लोकल चुकली तर महामार्गावरून एसटी, हा तिचा दुसरा बेत. निघताना ती पोरीला सगळ्यांसमोर बजावते, "गाडी चुकली, पेपर अवघड गेला, पोरींनी चिडवलं, काय बी झालं तरी पहिला फोन मला. मी वरडणार नाय." मुलगी लाजून चपला शोधायला लागते. चपला मिळतात, पण पाऊस वाढलाय म्हणून दोघी दाराशीच थांबतात.

पुढचा नंबर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा. नात बारावी झालेली, सीईटी दिलेली. तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीची नोंदणीही परवाच सुरू झाली आहे. त्यांच्याकडे आज फक्त कागदं चढवण्याचं काम आहे, पण गुरुजींनी नातीकडून वहीच्या दोन पानांवर कॉलेजांची यादी आधीच लिहून घेतली आहे. शाखा आणि गाव अशी दोन सदरं, आणि कडेला तिसरं: 'का?'. त्या तिसऱ्या सदरात एके ठिकाणी 'मैत्रीण जातेय' असं लिहिलंय आणि ते खोडलेलं नाही.

"हे चालतं?" मी बोट ठेवून विचारतो.

"का नाही चालणार? खरं कारण आहे. फक्त तेवढ्या एका कारणावर पहिला नंबर द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय." यंदाचा नियम त्यांना पाठ आहे. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती गोठली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी लागली की गोठली, तिसरीत पहिल्या सहांपैकी. "तीनशे पर्याय भरता येतात, म्हणून लोक भरत सुटतात. वरचे सहा विचार करून लावावेत, मग खाली कितीही भरा."

राहायच्या जागेचीही त्यांनी चौकशी केली आहे. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांकडे त्यांचा डोळा आहे. खेड्यातून आलेल्या गरजू पोरापोरींना तिथं कमी पैशांत राहता-जेवता येतं, आणि थोडं कामही करावं लागतं. "काम करायला लागतं, हे मला सगळ्यात बरं वाटलं," गुरुजी म्हणतात. नात त्यांच्या पाठीमागे डोळे फिरवते.

आता खोरच्या शेतकऱ्यांची पाळी. अंजिराची बाग आहे त्यांची. मीठा बहार संपून बाग मोकळी झाली आहे, म्हणून आज वेळ काढता आला. शेजारी मुलगा उभा, ७६ टक्के, मिसरूड फुटलेलं, हात खिशात. बाप खुशीत आहे. "आमचा पहिलाच नंबर लागला! मेव्हण्यानं पुण्याहून भरला होता फॉर्म. जवळचंच कॉलेज, सायन्स."

चालक लॉगिन करायला जातो तर पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तो मामाकडे. नवा पासवर्ड करायचा तर ओटीपी लागणार, तोही मामाच्याच मोबाइलवर. मामाला फोन लावला जातो. वाजतो, कुणी उचलत नाही. कामावर असेल. सगळी खोली मामाच्या फोनची वाट बघत बसते.

त्या रिकाम्या वेळात चालक सहज विचारतो, "पुढं काय, नीट की जेईई?"

"नाव इथं टाकायचं आणि पोराला लातूरला क्लासला घालायचा," बाप सांगतो. "मेव्हणा म्हणला, समदे तसंच करत्यात. कॉलेजात परीक्षेपुरतं यायचं."

"पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, दादा. बारावीच्या बोर्डालाच लागते."

"ती होती म्हणत्यात."

"होत असेल. पण मग प्रॅक्टिकल कुठं करणार? आणि लातूरचा खर्च, खोली, मेस?"

बाप उत्तर शोधत असतानाच मुलगा पहिल्यांदा तोंड उघडतो. स्क्रीनकडे बघत म्हणतो, "मला सायन्स नकोच होतं."

खोलीतली कुजबुज थांबते. बापाचा चेहरा लाल होतो. "मग आधी बोलायला काय झालतं?"

"तुम्ही फवारणीवर होता. मामानं फोनवर नाव, गुण, आधार नंबर विचारला. कॉलेजं त्यानंच लावली. मला यादी लागल्यावर कळलं."

बाप चालकाकडे वळतो. "बदलून घ्या मग. कॉमर्स करा."

"तसं होत नाही. पहिली पसंती लागली म्हणजे ती तुम्हीच मागितली असं धरतात. आता ७ तारखेपर्यंत हा प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर पोरगं पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग शेवटी सगळ्यांसाठी खुली फेरी होते, तिथं उभं राहायचं. आपल्या भागात कॉमर्सच्या जागा तोवर उरतात बऱ्याचदा, पण वर्ग सुरू झालेले असतात."

शेतकरी खिशातून तंबाखूची पुडी काढतात, खोलीत पोरीबाळी आहेत हे लक्षात येऊन परत ठेवतात. मेव्हण्यावरचा राग, पोरावरचा राग, आणि बहुधा फवारणीवरचाही, सगळा एकदम तोंडाशी आलेला दिसतो. मी मनात म्हणतो, आता पोराला चार लोकांत ऐकून घ्यावं लागणार. गुरुजी मधे पडायला सरसावतात, पण त्याआधी बापच बोलतो, आणि आवाज चढलेला नाही.

"मग तुला काय पायजे ते तरी सांग."

मुलगा खांदे उडवतो. "कॉमर्स. नाहीतर आयटीआय. नक्की नाही माहीत."

अवघड जागा आहे ही. इतक्या माणसांसमोर बापानं विचारलं, तर पोरानं ठणकावून उत्तर द्यावं अशी सगळ्यांचीच अपेक्षा. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडे उत्तर तयार असेलच असं कुठं असतं? विचारलं नाही ही एक चूक. विचारल्याबरोबर उत्तर मागणं ही त्याच्या पाठोपाठ येणारी दुसरी. बाकावरचे दोन-तीन जण हसतात. बाप हसत नाही.

"आयटीआय कशाला?"

"वायरमनचं. मोटारीचं स्टार्टर मीच बसवलं ना."

"आन् कॉमर्स?"

मुलगा गप्प. उत्तर बापालाच सुचतं आणि ते तो खोलीला सांगतो. गुलटेकडीला माल घातला की व्यापाऱ्याची पट्टी येते. वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं. गेली दोन वर्षं त्या सगळ्या पट्ट्या हा पोरगाच तपासतो. यंदा एका पट्टीत तोलाई दोनदा धरली होती, ती ह्यानंच पकडली. व्यापाऱ्याला फोन करून पैसे वळते करून घेतले तेही ह्यानंच. सांगता सांगता बापाचा सूर बदलतो. घरात रोज दिसणारी गोष्ट परक्यांना सांगताना त्याला नव्यानं दिसत असावी.

"आयटीआयचा अर्ज वेगळा असतो," चालक माहिती पुरवतो. "त्याचा अकरावीशी संबंध नाही. दौंडला सरकारी आयटीआय आहे, जाऊन बघून या. आणि आज प्रवेश पक्का करायची घाई नाही. ७ तारखेपर्यंत वेळ आहे."

तेवढ्यात मामाचा फोन येतो. बाप फोन उचलतो, क्षणभर थांबतो आणि पोराच्या हातात देतो. "तूच बोल. ओटीपी घे आधी. लातूरचं मी सांगतो त्याला रात्री." मुलगा ओटीपी विचारतो, सहा आकडे मोठ्यानं म्हणतो, चालक ते टाइप करतो. नवा पासवर्ड मुलगा स्वतः टाकतो. पडद्यावर पसंतीक्रमाची यादी उघडते. दहाच्या दहा ओळी विज्ञानाच्या. बाप चष्मा वर करून एकेक ओळ वाचतो. अर्ज भरल्यापासून पहिल्यांदाच वाचत असावा.

"सात तारखेपर्यंत कायबी दाबायचं नाय," तो शेवटी जाहीर करतो. "उद्या दौंडला आयटीआय बघू. परवा ह्याच कॉलेजात जाऊन कॉमर्सच्या मास्तरांना भेटू."

"सायन्सच्या सरांनाही भेटा," गुरुजी म्हणतात. "नको म्हणायचं तरी बघून नको म्हणावं."

"भेटू. पण तिथं जाऊन इचारायचं काय? आपल्याला तर कायबी सुचायचं नाय."

दाराशी पावसाची उघडीप बघत थांबलेली ती मुलीची आई परत आत येते. घडी घातलेला कागद मुलाच्या हातात देते. "हे उतरून घे. आमचं बरंच इचारून झालंय." मुलगा कागद टेबलावर पसरतो, चालकाचा पेन घेतो आणि एका जुन्या पावतीच्या पाठीवर प्रश्न उतरवायला लागतो. डब्याची जागा तो वगळतो, मुलींची खोली वगळतो, प्रॅक्टिकलची वेळ ठेवतो. खाली स्वतःचा एक प्रश्न घालतो: कॉमर्सला गणित घेता येतं का?

बाप त्याच्या खांद्यावरून वाकून वाचतो.

"आन् वर्गात पोरं रोज बसत्यात का, का नुसती नावंच हायेत, ते पैलं लिही," तो म्हणतो. "सगळ्यात वर."